गुणगुणता येतंय, पण गाणं कोणतं? अर्धवट आठवणाऱ्या चालीचा माग कसा काढावा

चाल डोक्यात घोळतेय, शब्द काही हाताला लागत नाहीत. आपण फोन काढतो, त्याच्यापुढे गुणगुणतो आणि तो भलतंच काहीतरी दाखवतो. मग घरात कुणाला तरी विचारतो. ते तिसरंच गाणं म्हणून दाखवतात आणि त्या नादात आपली मूळ चाल निसटते. बरेचसे शोध इथेच बारगळतात. फोनला विचारण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: आपल्याला आठवतंय ते एखादं ठरावीक रेकॉर्डिंग आहे, की नुसती चाल? पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. पण त्याच्याही आधी एक काम उरकून घ्या.

आधी चाल पकडून ठेवा

आठवलेली चाल टिकत नाही. ठाणे स्टेशनच्या पुलावर आठवली, तर वाशी येईपर्यंत डब्यातल्या चार जणांची रील्स तिच्यावरून वाजून गेलेली असतात. म्हणून आठवली की लगेच फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर उघडा, नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच एक व्हॉइस मेसेज पाठवा. लोक बघतील म्हणून लाजायचं कारण नाही. फोन कानाला लावून गुणगुणलं तर कुणी ढुंकूनही बघत नाही.

तीन तुकडे रेकॉर्ड करा. पहिल्यात नुसतं ‘ना ना ना’. दुसऱ्यात जे काही शब्द वाटताहेत ते, अर्थ लागो न लागो. तिसऱ्यात फक्त ठेका, मांडीवर किंवा टेबलावर वाजवून. ठेका चार-चारच्या गटात पडत असेल तर बहुधा केरवा, तीन-तीनच्या गटात पडत असेल तर दादरा. एवढं कळलं तरी पुढे निम्मी चुकीची उत्तरं तिथल्या तिथे बाद होतात, कारण नातेवाइकांनी सुचवलेलं गाणं कितीही जवळचं वाटलं तरी ठेका जुळत नसेल तर ते आपलं नाही.

पट्टी मुद्दाम बदलू नका. डोक्यात ज्या उंचीवर ऐकू येतंय तिथूनच म्हणा, घसा चिरकला तरी चालेल. डॅनियल लेव्हिटिन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की लोक आवडतं गाणं आठवणीतून म्हणतात तेव्हा त्यांतले बरेच जण मूळ रेकॉर्डिंगच्या पट्टीच्या आसपास जातात. लयीच्या बाबतीतही तसंच. म्हणजे एकच रेकॉर्डिंग पुष्कळदा कानावर पडलेलं असेल तर त्याची पट्टी आणि लय आपल्याजवळ आहेत, आपल्याला त्याची जाणीव नसते इतकंच. दोन गाण्यांत घोळ झाला की याचा उपयोग होतो.

खात्रीचं एकीकडे, अंदाजाचं दुसरीकडे

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पक्कं ठाऊक असलेलं, उजवीकडे वाटतंय ते. ‘बाईचा आवाज’ डावीकडे, ‘लता’ उजवीकडे. ‘मध्ये बासरी आहे’ डावीकडे, ‘सिनेमातलं आहे’ उजवीकडे. जुना मराठी पुरुषी आवाज आठवला की आपण ‘बाबूजी’ म्हणून मोकळे होतो आणि मग सुधीर फडक्यांची सगळी गाणी चाळत बसतो. गाणं निघतं दुसऱ्याच कुणाचं. गायकाचं नाव ही या सगळ्यातली सर्वांत फसवी आठवण, तिला पहिले काही तास तरी उजवीकडेच राहू द्या.

कुठे आणि कधी ऐकलं, याची नोंदही त्याच कागदावर करा. मात्र ऐकल्याचं साल ही फक्त वरची मर्यादा असते. १९८५ मध्ये रेडिओवर ऐकलेलं गाणं १९८५ नंतरचं नसणार, पण १९५० चं खुशाल असेल. उलट, माध्यमाचं साल आठवणीची चूक पकडून देतं. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. ‘मी लहानपणी, अडुसष्ट साली, टीव्हीवर बघितलं’ असं ठाण्यातल्या कुणी सांगितलं तर साल तरी चुकतंय, नाहीतर टीव्ही तरी.

रेकॉर्डिंग की चाल?

आता मुख्य प्रश्न. शझॅमसारखं ॲप गाणं ‘समजून’ घेत नाही. आवाजाच्या आलेखातले ठळक बिंदू, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या जोरात होती ते, टिपून त्यांचा ठसा तयार करतं आणि साठवलेल्या ठशांशी ताडून बघतं. म्हणून गर्दीच्या हॉटेलातही ते अचूक चालतं, पण तुम्ही गुणगुणलेलं त्याला कळत नाही. गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात कुणी तेच गाणं प्रत्यक्ष गात असलं तरी सहसा कळत नाही, कारण तो ठसा त्या एका रेकॉर्डिंगचा असतो. दुसऱ्या गायकाने, दुसऱ्या वादकांनी, दुसऱ्या दिवशी गायलं की ठसा बदलला.

चालीचं तसं नसतं. चाल एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, भाषा बदलते, वाद्यं बदलते. याचं एक उदाहरण जरा सावकाश बघू.

नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मामाने एका ऑफिसला फोन लावला, तर त्यांनी त्याला होल्डवर ठेवलं. होल्डवर एक धून वाजत होती. मामाने फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाला, “अरे, हे तलतचं गाणं आहे, बघ जरा कोणतं ते.” मामेबहिणीने आपल्या मोबाइलवरून शझॅम लावलं. “बाबा, तलत वगैरे काही नाही, मोझार्ट म्हणतंय.” मामा ऐकेना. दोघांचंही बरोबर होतं. धून मोझार्टच्या ४० क्रमांकाच्या सिंफनीची, पहिल्या भागाच्या सुरुवातीची. सलील चौधरींनी तीच १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटात ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ या तलत-लताच्या गाण्याच्या मुखड्याला घेतली. शझॅमने रेकॉर्डिंग ओळखलं, मामाने चाल.

आता ही चाल सुरांत मांडून बघा. षड्ज धरला की सुरुवात होते कोमल धैवत, पंचम, पंचम. हेच पुन्हा. तिसऱ्यांदाही हेच, पण या वेळी पंचमावरून एकदम तार सप्तकातल्या कोमल गंधारावर उडी. सूर ओळखता येत नसले तरी फक्त दिशा लिहा: खाली, तोच, वर; खाली, तोच, वर; खाली, तोच, वर. शेवटचं ‘वर’ मोठ्या उडीचं. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये पाश्चात्त्य संगीतातल्या हजारो धुना नेमक्या याच पद्धतीने, नुसत्या चढ-उतारावरून लावून दाखवल्या. म्युझिपीडिया या साइटवर वर जाण्याला यू, खाली येण्याला डी आणि त्याच सुराला आर अशी इंग्रजी अक्षरं टाइप करून तसा शोध घेता येतो. भावगीतासाठी तिथे जाऊन फारसं काही मिळणार नाही. लिफ्टमधली, दारावरच्या बेलमधली, होल्डवरची धून असेल तर मात्र जरूर जा, कारण त्यातलं बरंचसं जुनं पाश्चात्त्य अभिजात संगीतच असतं.

जाहिरातींचंही तसंच. टायटन घड्याळांची धून मोझार्टच्या २५ क्रमांकाच्या सिंफनीतली आहे. नोकियाची रिंगटोन फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या ‘ग्रान व्हाल्स’ मधली. सकाळी आकाशवाणी सुरू होताना वाजायची ती धून नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांची. या धुनांना शब्द नाहीत, म्हणून त्यांचे शब्द आठवत बसू नका.

फोनला नीट विचारायची पद्धत

रेकॉर्डिंग समोर वाजत असेल (दुकानात, रिक्षात, शेजारच्या गच्चीवर) तर शझॅम. नेट नसलं तरी बटण दाबून ठेवा, तुकडा साठवला जातो आणि नेट आल्यावर उत्तर येतं. रीलमागचं गाणं हवं असेल तर त्याच फोनवर रील चालू ठेवूनही ते ओळखता येतं, दुसरा फोन लागत नाही.

नुसती चाल डोक्यात असेल तर गूगल किंवा साउंडहाउंड हे ॲप. गूगलने गुणगुणून शोधायची सोय ऑक्टोबर २०२० मध्ये आणली. गूगलच्या ॲपमध्ये माइकचं चिन्ह दाबलं की गाणं शोधायचा पर्याय येतो (बटणाची जागा अपडेटगणिक सरकते, थोडं शोधावं लागतं). साधारण दहा ते पंधरा सेकंद गुणगुणायचं. ही यंत्रणा आवाजाचा पोत, वाद्यं वगैरे सगळं बाजूला सारून फक्त सुरांच्या चढ-उताराचा क्रम उरवते आणि तो ताडते. त्यामुळे तुमचा आवाज कसा आहे याला महत्त्व नाही, चढ-उतार स्पष्ट असण्याला आहे.

म्हणून तोंड मिटून ‘हंऽऽ’ करू नका. प्रत्येक सुराला वेगळा ‘ना’ किंवा ‘ता’ द्या, म्हणजे एक सूर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळतं. आपल्या गाण्यांतल्या मुरक्या आणि हरकती पहिल्या फेरीत सरळ गाळून टाका, चाल सपाट करून म्हणा. गायला येणारी माणसं इथे हटकून फसतात. त्यांना हरकत घेतल्याशिवाय राहवत नाही आणि फोन गोंधळतो. पंखा बंद करा, घोडबंदर रोडकडच्या खिडक्या लावून घ्या.

उत्तरात चार-पाच गाणी येतात, पुढे जुळणीचे टक्के. टक्के कमी दिसले म्हणून न वाजवता सोडून देऊ नका, मराठी गाण्यांच्या बाबतीत तर नाहीच. नाहीच जुळलं तर तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणण्यापेक्षा गाण्याची दुसरी जागा म्हणा. आपल्याला मुखडा आठवतोय असं वाटतं, पण पुष्कळदा तो अंतरा असतो, किंवा दोन कडव्यांमधला म्युझिक पीस. पीस गुणगुणून गाणं लागणं कठीण. पीस संपल्यावर गायक कुठल्या सुरावर येतो, तिथून पुढचं आठवायचा प्रयत्न करा.

शब्द थोडेसे आठवत असतील तर

दोन शब्दही पुरतात, पण ते योग्य ठिकाणी शोधले तर. मराठीसाठी ‘आठवणीतली गाणी’ ही साइट आधी उघडा. गीतकार, संगीतकार, गायक, राग अशा अनेक दारांनी तिथे आत शिरता येतं. याद्या गाण्याच्या पहिल्या ओळीवरून लावलेल्या असतात, त्यामुळे अंतऱ्यातली ओळ यादीत दिसणार नाही. ती ओळ गूगलमध्ये अवतरणचिन्हांत टाकून शोधा. आधी देवनागरीत, मग रोमन लिपीत. रोमनमध्ये एकाच शब्दाची चार स्पेलिंगं लोक करतात, ‘आई’ हा साधा शब्दसुद्धा दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. सगळी करून बघा.

शब्द चुकीचे ऐकलेले असतील, हे गृहीतच धरा. ण-न, ळ-ल, श-स यांची अदलाबदल करून बघा. आठवणाऱ्या ओळीतला सर्वांत विचित्र शब्द ठेवा आणि बाकीचे काढून टाका: ‘चंद्र’, ‘रात’, ‘सखी’ यांवर हजार गाणी निघतील, ‘पागोळ्या’ किंवा ‘गोंदण’ यांवर मोजकीच. ओळीत अर्थ लागत नसलेला एखादा शब्द असेल तर तो आपल्या मनाने दुरुस्त करू नका. बहुधा त्या जागी जुना किंवा बोलीतला खराच शब्द असतो.

हळदीतली गाणी: इथे ॲपवर भिस्त ठेवू नका

घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, ऐरोलीकडची जुनी गावठाणं… नवी मुंबईत हळदीच्या रात्री जे वाजतं त्याची गोष्ट वेगळी. आगरी-कोळी गाण्यांत एकाच चालीवर वेगवेगळे शब्द बसवायची रीत आहे, म्हणून चाल ओळखली तरी गाणं ओळखलं असं होत नाही. त्यात बेंजो पार्टी असेल तर शब्दच नाहीत. बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तंतुवाद्य, मूळचं बुलबुल तरंग, आणि वाजवणारा एका गाण्याचं ध्रुवपद संपवून श्वासही न घेता दुसऱ्यात शिरतो. तुम्ही रेकॉर्ड केलेल्या अर्ध्या मिनिटात दोन गाणी असू शकतात. आधी सांधा कुठे आहे तो ऐका, तुकडे वेगळे करा, मग प्रत्येक तुकडा स्वतंत्र गुणगुणून बघा.

त्याहून सोपं काम म्हणजे पार्टीचं नाव टिपून ठेवणं. ते बॅनरवर, गाडीवर किंवा पोरांच्या टी-शर्टवर असतंच. यूट्यूबवर त्या नावाने शोधलं की त्यांचेच हळदीचे व्हिडिओ निघतात आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी आधीच ‘दादा, तीन मिनिटांवरचं गाणं कोणतं?’ असं विचारलेलं असतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाच्या मित्रांना विचारा, फर्माइशी त्यांनीच केलेल्या असतात.

धवलारीण (लग्नविधीत धवले म्हणजे पारंपरिक गाणी गाणारी बाई) जे गाते ते मात्र या कशातच सापडायचं नाही. लग्नविधीतले धवले तोंडी चालत आलेले, गावागावांत शब्द बदलणारे. तिथे एकच उपाय: गाणाऱ्या आजींजवळ बसा, “आजी, परत एकदा सांगाल का?” म्हणून विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

नाट्यपद, बंदिश, अभंग

अभंगाच्या बाबतीत उलटा पेच. शब्द पक्के मिळतात, पण एकाच अभंगाला निरनिराळ्या गायकांच्या निरनिराळ्या चाली असतात. शब्द सापडले म्हणून थांबू नका, निरनिराळ्या गायकांची रेकॉर्डिंगं लावून तुमच्या व्हॉइस मेसेजशी ताडून बघा.

बंदिश असेल तर पहिले दोन-तीन शब्द आणि राग, एवढ्यावर काम होतं. राग ओळखायला शेजारच्या क्लासमधल्या गुरुजींना किंवा बाईंना तो ‘ना ना’ वाला तुकडा ऐकवा. क्लासची वेळ टाळून जा. राग कळला की गाणं कळलं असं मात्र नाही, यमनात किंवा भैरवीत किती गाणी आहेत याचा हिशोबच नको. पारंपरिक बंदिशींसाठी पंडित भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ रागवार लावलेली आणि स्वरलिपीसह आहे.

जुन्या संगीत नाटकाच्या छापील पुस्तकांत तर आपल्या कामाची एक सोय आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं त्या काळापासून पुष्कळ पदांच्या वर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापत. पद सापडलं की ते कुठल्या गाण्यावरून बेतलं तेही कळतं. अशी पुस्तकं बघायला ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय गाठा, संस्था १८९३ पासूनची आहे. जाताना नाटकाचं नाव घेऊन जा. नुसतं ‘एक पद आहे’ म्हणून काउंटरवर उभं राहिलात तर कर्मचारी बिचारे काय करणार?

प्रत्यक्ष कार्यक्रमात ऐकलेलं असेल तर निवेदकाचं बोलणं आठवा. गाण्याआधी गीतकार-संगीतकाराचं नाव बहुधा त्याने घेतलेलंच असतं, आपण तेव्हा खुर्चीचा नंबर शोधत असतो.

माणसांना विचारताना

फॅमिली ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकलात की पहिलं उत्तर येईल ते मोठ्या आत्याचं, आणि आत्याने सांगितलं म्हटल्यावर बाकीच्यांना तेच ऐकू यायला लागेल. म्हणून एकेकाला वेगळं पाठवा. सोबत ‘लताचं आहे बहुतेक’ वगैरे काही लिहू नका. कागदाच्या डाव्या बाजूचं तेवढं कळवा. आणि कुणाला पाठवायचं तेही बघून: साठच्या दशकातलं असेल तर तेव्हा तरुण असलेल्या मावशीला, नव्वदीतल्या कॅसेटवरचं असेल तर तेव्हा शाळेत असलेल्या भावाला. वयाच्या पंधरा-वीस वर्षांच्या आसपास ऐकलेली गाणी माणसाला जास्त पक्की आठवतात.

सगळं करूनही लागत नसेल तर एक शंका घ्या: ही दोन गाणी तर नाहीत? मुखडा एकाचा आणि अंतरा दुसऱ्याचा, असं जोडकाम आपली आठवण बेमालूम करते. दोन्ही अर्धे वेगवेगळे शोधा.

सापडल्यावर

मिळालेलं गाणं लगेच ‘हेच ते’ म्हणून मिरवू नका. आधी ठेका आणि मग पट्टी तुमच्या पहिल्या रेकॉर्डिंगशी जुळतात का बघा. चाल जुळतेय पण पट्टी आणि वाद्यं वेगळी, असं असेल तर तुम्ही ऐकलेलं कदाचित रीमिक्स, कव्हर किंवा दुसऱ्या भाषेतलं गाणं आहे. मूळ गाण्याच्या नावापुढे ‘कव्हर’, ‘वाद्यसंगीत’, ‘लाइव्ह’ असे शब्द जोडून पुन्हा शोधा.

यूट्यूबवरच्या माहितीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. गायकांची नावं तिथे सर्रास चुकलेली असतात आणि साल बहुतेक वेळा व्हिडिओ चढवल्याचं असतं. हिंदी चित्रपटगीत असेल तर कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी दशकवार तयार केलेला ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ हा सर्वांत भरवशाचा आधार. त्यात चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार एका जागी मिळतात. मराठीसाठी त्या काळच्या रेकॉर्डच्या किंवा कॅसेटच्या कव्हरचा फोटो मिळाला तर तो बघा. नाव एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं दिसलं, तर कव्हरवरचं धरा.